के-१ फियान्से व्हिसा: साखरपुडा चालतो, मग सप्तपदी का नाही?

अर्धीवाटी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी दोन वर्षांपूर्वी अमेरिकन सिटिझन झाले, होणारा नवरा भारतात आहे आणि आम्ही के-१ ने (सिटिझनने होणाऱ्या जोडीदाराला लग्नासाठी अमेरिकेत बोलवायचा व्हिसा) जायचं ठरवलंय, कारण बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय, म्हणजे त्यांच्यासमोर लग्न व्हायचं तर ते इथेच व्हायला हवं. आय-१२९एफ, म्हणजे त्याचं पिटिशन, भरून तयार आहे. ६७५ डॉलर फी, दोघांची "आम्ही एकमेकांशी लग्न करणार आहोत" अशी सहीची पत्रं, माझ्या सिटिझनशिपच्या सर्टिफिकेटची कॉपी, पासपोर्ट फोटो, सगळं एका फाइलीत लावून ठेवलंय.

अडलंय भलत्याच ठिकाणी. त्याच्या आजी ८६ वर्षांच्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की मी डिसेंबरात तिकडे जाणारच आहे तर घरच्या घरी सप्तपदी उरकून घ्या, नोंदणी करू नका, कागदावरचं लग्न अमेरिकेत होऊ दे. सासूबाईंनाही ते पटलंय, "सर्टिफिकेटच नाही तर त्यांना कळणार कसं?" असं त्या विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही. साखरपुड्याचे फोटो तर पुरावा म्हणून लावाच असं जो तो सांगतो. मग साखरपुडा चालतो तर त्यात चार विधी जास्त झाले म्हणून काय बिघडलं? मला आतून भीती वाटतेय पण सासरी समजावून सांगता येत नाहीये. कोणी या वाटेने गेलंय का?

तिसरी_घंटा
करू नका. खालचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा.

आता कारण. के-१ हा लग्न न झालेल्यांचा व्हिसा आहे, आणि लग्न झालं की नाही हे अमेरिका ठरवते ते जिथे विधी झाले तिथल्या कायद्याने. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ बघा. जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक. पुढे कलम ८ मध्ये नोंदणीबद्दल आहे आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की नोंदणी केली नाही म्हणून लग्न अवैध होत नाही. म्हणजे सासूबाई समजतात त्याच्या नेमकं उलट. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही दुसऱ्या टोकाकडून हेच सांगितलं, विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं असेल तर तो हिंदू विवाहच नाही. आपल्याकडे लग्न विधीने होतं, सर्टिफिकेट हा फक्त त्याचा पुरावा.

माझ्या मावसभावाने हेच केलं होतं, "छोटंसंच, घरातलेच पंचवीस लोक". इंटरव्ह्यूला ऑफिसरने त्याच्या बायकोला विचारलं लग्न झालंय का, ती नाही म्हणाली, ऑफिसरने फोटोंच्या गठ्ठ्यातला एक काढून काचेला लावला. त्यात ती कोपऱ्यात बसून कुणाशी तरी बोलत होती, गळ्यात मंगळसूत्र. पिटिशन परत गेलं. मग नवरा-बायको म्हणून आय-१३० च्या पिटिशनपासून नव्याने सगळं. आणि हे स्वस्तात सुटले म्हणायचे, कारण लग्न झालेलं असताना अर्जात "अविवाहित" लिहिणं आणि शपथेवर तेच सांगणं याला खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न धरलं तर कायमची बंदी येऊ शकते, मग तिच्यासाठी वेगळा वेव्हर, म्हणजे सूट, मागत बसा.

खडूस_काका
एवढी कटकट कशाला, टुरिस्ट व्हिसावर बोलव, इथे लग्न लाव, अर्ज टाक. माझ्या ओळखीत तिघांनी केलंय.

तिसरी_घंटा
@खडूस_काका, इथेच लग्न करून राहायचं हे आधीच ठरलेलं असताना "फिरायला आलोय" म्हणून आत शिरणं हेसुद्धा खोटंच. आलेल्या माणसाचा विचार नंतर बदलणं वेगळं. इथे साखरपुडा झालेला, फाइल तयार, आणि आता तर हा धागासुद्धा. त्या तिघांचं जमलं, छान झालं, पण एअरपोर्टवर फोन तपासून परत पाठवलेला चौथा तुमच्या ओळखीत नसेल एवढंच.

जुनाजाणता
मला मूळ निर्णयच पटलेला नाही, स्पष्ट बोलतो. लग्न करा, खरंखुरं, भारतात, आजींसमोर, नोंदणीसकट, आणि मग सीआर-१ ने (लग्न झालेल्या जोडीदाराचा इमिग्रंट व्हिसा) आणा. हिशोब मांडून बघ.

के-१: पिटिशन ६७५, व्हिसा फी २६५, इकडे आल्यावर लग्न करून आय-४८५ चे (ग्रीन कार्डचा अर्ज) १,४४०. झाले २,३८०. वर्क परमिट हवं तर आणखी २६०, मधल्या काळात परदेशी जायचं तर ॲडव्हान्स परोलचे ६३०. म्हणजे ३,२७०.
सीआर-१: आय-१३० ऑनलाइन ६२५, एनव्हीसीला (नॅशनल व्हिसा सेंटर) ३२५ आणि १२०, ग्रीन कार्डची फी २३५. एकूण १,३०५. मेडिकल दोन्हीकडे वेगळं.

हे दर एप्रिल २०२४ मध्ये लागू होते, भरायच्या दिवशी साइटवर बघून घे. पण पैसा बाजूला ठेव. सीआर-१ वाला विमानातून उतरतो तेव्हाच ग्रीन कार्डवाला असतो, दुसऱ्या दिवशी नोकरीला लागू शकतो. के-१ वाला माणूस लग्न होऊन, आय-४८५ टाकून, वर्क परमिट येईपर्यंत घरात बसतो. पूर्वी के-१ लवकर व्हायचा म्हणून लोक ते सोसायचे, आता वेळेत तेवढा फरक उरलेला नाही.

अर्धीवाटी
@जुनाजाणता, हिशोब मान्य आहे, आम्हीही मांडला होता. पण मग बाबा माझ्या लग्नात नसतील. ते व्हिडिओ कॉलवर बघतील म्हणे. मला ते नकोय.

जुनाजाणता
मग संपलं. के-१. आधी बाबांचं नीट वाचलं नाही, माफ कर.

नंतर_बघू
मधेच घुसतो. ते युटाह काउंटीचं ऑनलाइन लग्न ऐकलंय, दोघं दोन देशात, झूमवर लग्न, अमेरिकन सर्टिफिकेट. त्याने नाही का होत?

तिसरी_घंटा
लग्न होतं, पण त्यावर नवरा-बायको म्हणून इमिग्रेशनचा अर्ज करायचा तर लग्नानंतर दोघांनी प्रत्यक्ष भेटून संसार सुरू केलेला असावा लागतो, कायद्यात त्यासाठी जो शब्द आहे तो इथे लिहीत नाही, आजी वाचतील. आणि एकदा ते लग्न केलं की मग के-१ कशाला मागताय हा प्रश्न उभा राहतोच. अर्धीवाटीच्या कामाचं नाही.

शेवग्याची_शेंग
मी के-१ वरच आले, माझा इंटरव्ह्यू मुंबईला बीकेसीत झाला. पुराव्याबद्दल सांगते कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं.

पिटिशन टाकायच्या आधीच्या दोन वर्षांत तुम्ही दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. व्हिडिओ कॉल हजार झाले तरी भेट नाही. सूट मिळते, पण एक तर भेटायला जाण्यात सिटिझन माणसाला अतिशय मोठी अडचण असेल तर, नाहीतर लग्नाआधी भेटणं रूढीने कडक बंद असलेल्या समाजातले असाल तर, आणि तेही सिद्ध करावं लागतं. आमची भेट झालेली होती, सव्वा वर्षापूर्वी, तो दहा दिवस येऊन गेला होता. त्याने बोर्डिंग पास जपून ठेवले होते, पाकिटात, क्रेडिट कार्डाच्या मागे. काढून बघतो तर कोरे! तो थर्मल कागद असतो ना, उष्णतेने अक्षरं उडाली, फक्त एअरलाइनचा लोगो आणि कडेला एक निळसर रेघ. तसेच पाठवून दिले शहाण्याने. आरएफई आली, भेटीचा पुरावा द्या म्हणून. मग पासपोर्टवरचे भारतातले आत-बाहेरचे शिक्के, हॉटेलचं बिल, तिकिटाची ईमेल, दोघांचे दोन-तीन वेगळ्या ठिकाणचे फोटो असं सगळं पाठवलं तेव्हा पुढे सरकलं. मधे तीन महिने गेले. तर बोर्डिंग पास हातात आला की त्याच दिवशी फोटो काढा.

व्हॉट्सॲपची ४०० पानं छापून पाठवू नका. महिन्याला एखादं पान पुरतं. मी निवडायला बसले तेव्हा लक्षात आलं की आम्ही मुख्यतः "जेवलीस का" आणि "नेट गेलं होतं" एवढंच बोलत होतो.

बॉक्सर_माऊ
खिक् @ "जेवलीस का". आमचंही तेच. ऑफिसरने वाचलं असेल तर कंटाळून अप्रूव्ह केलं असेल.

अर्धीवाटी
धन्यवाद शेवग्याची_शेंग, आत्ताच पर्स उपसून बोर्डिंग पास बघितले. एक अर्धा उडालाय. स्कॅन केले.

अजून एक, आम्ही मॅट्रिमोनी साइटवर भेटलो. फॉर्ममध्ये इंटरनॅशनल मॅरेज ब्रोकरबद्दल प्रश्न आहे. साइट म्हणजे ब्रोकर धरायचा का?

जुनाजाणता
तो प्रश्न इम्ब्रा नावाच्या २००५ च्या कायद्यातून आलाय. परदेशी बायकांचे कॅटलॉग करून अमेरिकन पुरुषांना पत्ते विकणाऱ्या एजन्सींमुळे आला तो, काही बायकांचे त्यात जीवही गेले होते. त्याच कायद्यामुळे पिटिशन करणाऱ्याला आपले ठराविक गुन्हे सांगावे लागतात आणि ती माहिती समोरच्यापर्यंत पोचवली जाते. व्याख्येतून दोन गोष्टी बाहेर ठेवल्यात. एक, ना-नफा तत्त्वावर चालणारी धार्मिक-सांस्कृतिक पद्धतीची पारंपरिक विवाहमंडळं. दुसरी, अमेरिकन आणि परदेशी यांच्यात जुळवणं हा ज्यांचा मुख्य धंदा नाही आणि जी सगळ्यांना सारखेच दर, सारखीच सेवा देतात अशी डेटिंग सर्व्हिस. तुझी साइट कशात बसते ते तिच्या अटी वाचून ठरव, शंका राहिली तर या एका प्रश्नापुरता वकील गाठ. पण साइटवर भेटलो हे लपवू नकोस. कसे भेटलो हा प्रश्न इंटरव्ह्यूला येतोच आणि दोघांचं उत्तर एकच असायला हवं.

बॉक्सर_माऊ
यावरून आठवलं, आमच्याकडे घरच्यांनी "ओळखीतून जमलं" असं सगळीकडे सांगून ठेवलं होतं, साइटची लाज वाटते म्हणून. माझा भाऊ इंटरव्ह्यूलाही सवयीने तेच बोलून आला आणि पिटिशनमध्ये वहिनीने साइटचं नाव लिहिलेलं. एका ओळीच्या फरकावरून अर्धा तास उलटतपासणी. मिळाला शेवटी, पण बाहेर आला तेव्हा शर्ट पिळून काढावा असा.

बुधवारचा_बाजार
मी तिकडच्या बाजूचा, म्हणजे व्हिसा घेणारा. मागच्या वर्षी झालं. त्याच्याकडून काय लागतं ते लिहितो, कारण सगळे अमेरिकेतल्या कागदांबद्दल बोलतायत आणि तिकडच्या माणसाला शेवटच्या महिन्यात जाग येते.

जन्मदाखला आत्ताच काढून बघायला सांग. माझ्या दाखल्यावर तारीख, वेळ, आईचं नाव, वडिलांचं नाव सगळं होतं आणि बाळाच्या नावापुढे आडवी रेघ. बारशाच्या आधी नोंद झालेली, नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. ३१ वर्षं ती रेघ घेऊन फिरतोय आणि मला माहीतच नाही. पालिकेत जाऊन नाव घालून नवीन दाखला घ्यायला सात आठवडे गेले, त्यातले पाच नुसते "साहेब रजेवर" चे. १ एप्रिल १९७० च्या आधी जन्मलेल्यांना भारताच्या बाबतीत पर्यायी पुरावे चालतात. नंतरच्यांना दाखला हवा, आणि दाखलाच नसेल तर "नोंद उपलब्ध नाही" असं पत्र आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचं ॲफिडेव्हिट वगैरे. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याची "मला दोन्ही भाषा येतात" अशी सही.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा मधून. मेडिकल फक्त कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, फॅमिली डॉक्टर चालत नाही. के-१ ला लसी त्या वेळी सक्तीच्या नसतात पण घेऊन टाका, आय-४८५ ला लागतातच, नाहीतर अमेरिकेत परत सिव्हिल सर्जनकडे (तिथल्या इमिग्रेशनने नेमलेला डॉक्टर) पैसे भरा. कोणाचा घटस्फोट झालेला असेल तर अंतिम डिक्री, पिटिशन टाकताना झालेला असायला हवा, "केस चालू आहे" चालत नाही.

पिटिशन अप्रूव्ह झालं की चार महिने वैध असतं. घाबरू नका, कॉन्सुलेट ते वाढवून देतं, आमचं वाढवलं. व्हिसा हातात आला की जास्तीत जास्त सहा महिने, आणि एकदाच आत शिरता येतं.

आणि साखरपुड्याचे फोटो! मला हेच विचारलं. आमच्या फोटोत दोघांच्या गळ्यात हार होते, मागे फुलांची सजावट, तिच्या अंगावर शालू. ऑफिसर बाई म्हणाल्या, "हे लग्न आहे का?" माझ्या पोटात गोळा. पण बायकोने (तेव्हा होणारी) पिटिशन करतानाच प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण, प्रसंग आणि कोण कोण आहे ते टाइप केलं होतं, "साखरपुडा, अंगठी घालताना" असं. आणि साखरपुड्याची पत्रिकाही लावली होती, भाषांतरासकट. बाईंनी पत्रिका वाचली, मग विचारलं की लग्नात काय असतं जे यात नाही? मी म्हटलं अग्नी, सात पावलं, मंगळसूत्र. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पुढचा प्रश्न तिच्या वडिलांच्या नोकरीबद्दल.

अर्धीवाटी
अंगावर काटा आला हे वाचून. आमच्याही फोटोत हार आहेत. आणि एका फोटोत काकूने हौसेने अक्षता टाकल्यात.

तिसरी_घंटा
अक्षतांचा फोटो काढून टाक असं म्हणणार नाही. काही लपवल्यासारखं करू नका, फेसबुकवर तो असेलच कुणाच्या तरी. पण सगळे फोटो पाठवायची सक्ती नाही. अंगठीचा, दोन्ही घरच्यांचा एकत्र आणि एखादा साधा बाहेर फिरतानाचा असे निवड. आणि "वेडिंग" हा शब्द कुठल्याही अल्बमला, हॅशटॅगला, हॉलच्या पावतीला आहे का ते बघ. हॉलवाले साखरपुड्याच्या पावतीवरही डोळे झाकून "विवाह समारंभ" लिहितात.

अर्धीवाटी
पावतीवर तेच लिहिलंय. आत्ता बघितलं. देवा.

बुधवारचा_बाजार
हॉलवाल्याकडून दुरुस्त पावती घ्या, लेटरहेडवर, "साखरपुडा" असं. देतात. नाहीच दिली तर ती पावती लावू नका, तिच्याशिवायही भागतं. कोणी विचारलंच तर जे आहे ते सांगायचं.

नंतर_बघू
इन्कमचं काय? आमचा ऑफिसमधला मित्र म्हणतो खूप पगार लागतो.

जुनाजाणता
नाही. व्हिसाच्या वेळी आय-१३४ (आर्थिक आधाराची हमी), त्यात सरकारी दारिद्र्यरेषेच्या १०० टक्के उत्पन्न बघतात. आल्यावर आय-४८५ सोबत तशीच हमी आय-८६४ वर, तिथे १२५ टक्के, आणि ते कायद्याने बांधून घेणारं असतं, घटस्फोट झाला म्हणून सुटत नाही. काठावर असाल तर दुसऱ्या टप्प्याचा विचार आधीच करा, तेव्हा वेगळा सहप्रायोजक घेता येतो.

शेवग्याची_शेंग
आल्यानंतरचं कोणी बोलत नाहीये म्हणून थोडं. उतरल्याच्या दिवसापासून ९० दिवस. वाढत नाहीत. लग्न पिटिशन करणाऱ्याशीच, दुसऱ्या कुणाशी केलं तर के-१ वरून ग्रीन कार्ड नाही. आणि लग्नाचा दिवस ठरवताना राज्याचा नियम बघा, न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यावर २४ तास, टेक्सासमध्ये ७२ तास थांबावं लागतं. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) साठी लग्नाची वाट बघू नका, आय-९४ (प्रवेशाच्या वेळी मिळालेली राहायची मुदत) संपायला निदान १४ दिवस बाकी असताना जा. मी लग्नाच्या गडबडीत राहून गेले आणि मग वर्क परमिट येईपर्यंत ना बँक खातं धड, ना फोनचं कनेक्शन माझ्या नावावर.

आय-४८५ टाकल्यावर ॲडव्हान्स परोल हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. हे आजींच्या संदर्भात मुद्दाम लिहितेय, नातवाला वाटेल पटकन जाऊन येऊ. त्याला हे आधीच माहीत असू दे, ती फी भरूनच टाका.

आणि ते घरी बसणं. मी तिकडे टीम सांभाळत होते, इथे सात महिने पत्रपेटी उघडायला दिवसातून तीनदा खाली जायचे. नवरा चांगला होता तरी प्रत्येक गोष्टीला त्याचं कार्ड वापरायचं याचा मला राग यायचा, त्याच्यावर नाही, कशावर ते सांगता येत नाही. तुझ्याकडे येणारा मुलगा आहे म्हणून जास्तच सांगते, पुरुषांना हे बोलता येत नाही आणि मग घरात भांडणं दुसऱ्याच विषयावर होतात. आधी बोलून घ्या दोघं.

अर्धीवाटी
@शेवग्याची_शेंग, तुझा शेवटचा परिच्छेद त्याला जसाच्या तसा पाठवला. बराच वेळ टायपिंग दिसत होतं, मग फक्त "हो, बोलू" असं आलं. रविवारी बोलणार आहोत.

अर्धीवाटी
अपडेट. काल आजींशी बोलले, सासूबाई आणि तो पण होते कॉलवर. मी कलम ७ मराठीत वाचून दाखवलं. आजींना ऐकू कमी येतं म्हणून तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडूनच. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सातवं पाऊल तिकडे टाकायचं असं म्हण की सरळ, एवढं काय ओरडतेस." सासूबाई हसायला लागल्या. मग आजींनी विचारलं की सहा इकडे टाकली तर चालतील का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या बघ बाई, विचारून ठेवलेलं बरं.

डिसेंबरात जातेय, फक्त भेटायला. हॉलवाल्याने नवी पावती दिली, त्यावर आता "साखरपूडा" असं दीर्घ पू काढून लिहिलंय, ते भाषांतरात दिसत नाही म्हणून सोडून दिलं. त्याचा जन्मदाखला बघितला, नाव आहे, पण आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं.

बुधवारचा_बाजार
स्पेलिंगला दोन्ही नावं एकाच माणसाची असं ॲफिडेव्हिट करून घ्या, आणि डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मध्ये "इतर नावं" विचारतात तिथे ते दुसरं स्पेलिंग लिहा. माझ्या आईच्या नावाचं झालं होतं.

अर्धीवाटी
सोमवारी पाकीट पोस्टात टाकतेय. एनओए-१ (पिटिशन मिळाल्याची पोच) आली की इथे लिहीन.